पत्र्यावरचे दगड

संगमनेरच्या पठारावर वारा आणि दगड या दोन गोष्टी कुणाकडं मागाव्या लागत नाहीत. वारा एकदा सुटला की कुणाचं ऐकत नाही, आणि दगड तर नांगराच्या पुढ्यात बसलेलाच असतो. इथल्या माणसांनी फार पूर्वीच या दोघांची गाठ घालून दिली. घरावर पत्रा टाकायचा आणि वाऱ्यानं तो उडू नये म्हणून त्याच्यावर दगड ठेवायचे. सोयरीक जमवायला आलेला पाहुणा आधी वर नजर टाकतो. दगड एका मापाचे आणि ओळीत असले की हे घर नीटनेटक्या माणसाचं आहे, हे त्याला न सांगता कळतं.

खडकमाळच्या बन्सीच्या पत्र्यावरचे दगड असेच ओळीत होते. आणि त्याच्या बायकोनं, कडूबाईनं, त्याच दगडांचा धसका घेतला होता.

कडूबाईच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंडात घेतलीच तर थुंकून टाकावी, एवढाच हेतू. मरणानं तिला टाकलं, पण कडवटपणा थोडा जिभेवर राहिला असं सासरचे म्हणत. मला विचाराल तर ती कडू नव्हती. तिला अर्धवट गोष्ट सोसत नव्हती, एवढंच. अर्धी निवडलेली मेथी, अर्धं लोटलेलं दार, गोष्ट अर्धी ऐकून उठलेला माणूस. आणि नशिबानं तिला नवरा दिला तो नेमका या शेवटच्या जातीचा.

बन्सी तसा लाख माणूस. पठारावरच्या साऱ्या वाड्यावस्त्यांना तो बन्सीतात्या. जनावर फुगलं की लोक आधी त्याला हाक मारत, मग डॉक्टरला. गाईनं ओला चारा अधाशासारखा खाल्ला की पोटात हवा धरते, डावी कूस ढोलकीसारखी वाजते, आणि वेळेवर काही केलं नाही तर काही तासांत गाय आडवी होते. बन्सी कुशीवर बोटं वाजवून बघायचा, गोडेतेल पाजायचा, आणि अगदीच निकराची वेळ आली तर कुशीत सुई घालून हवा मोकळी करायचा. त्यानं वाचवलेली जनावरं मोजायला बसलं तर बाजार भरेल. त्यामुळं झालं काय, की जगातली कुठलीही गोष्ट त्याला फुगलेल्या गाईसारखी दिसू लागली. घरातली भांडणं, गावातली निवडणूक, आभाळातला ढग, सगळ्यांच्या पोटात हवा.

मग दोनेक वर्षांपासून खडकमाळची जमीन गुरगुरू लागली. पावसाळा सरता सरता खालून गडगड असा आवाज यायचा, फळीवरची भांडी किणकिणायची, दारातली कुत्री उठून उभी राहायची. पहिल्यांदा लोकांनी जवळच्या दगडखाणीतल्या सुरुंगाला शिव्या दिल्या. खाण बंद असतानाही आवाज आला तेव्हा सगळे बन्सीकडं बघू लागले.

"त्यात काय भ्यायचं?" बन्सी म्हणाला. "धरणीच्या पोटात हवा धरलीय. बारक्या धक्क्यानं ती थोडी थोडी सुटती. सुटू द्या. मोठा धक्का येनारच न्हाई."

लोकांना हे फार आवडलं. धक्का बसला की डेअरीवर माणसं हसत म्हणू लागली, "सुटली रं हवा!"

कडूबाईला हसू येत नव्हतं. कारण तिला एक जुनी गोष्ट आठवत होती, आणि ती ज्याची होती त्याला मात्र आठवत नव्हती. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा गावानं घराघरांतून भाकरी गोळा केल्या. त्या घेऊन गेलेल्या टेम्पोत तरणा बन्सी होता. परत आला तो ताटावर बसेना. एका सकाळी त्यानं टिकाव घेतला आणि स्वतःच्या घराचं मातीचं माळवद उकरून खाली टाकलं. भिंती पाडून विटांच्या घेतल्या, वर पत्रा टाकला. "डोक्यावर वझं नगं," एवढंच म्हणाला. मग एका वळवाच्या वाऱ्यानं तो पत्रा उचलून भावाच्या कांद्यात नेऊन टाकला, आणि बन्सीनं वर दगड चढवले. दरसाल वारा झाला की आणखी एखादा दगड चढायचा. मातीचं ओझं काढून त्यानं दगडाचं ओझं आणलं होतं, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

यंदा या सगळ्याला घाई लागली, कारण लेक माधुरी बाळंतपणाला यायची होती. तिला कर्जतला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. तिची खाट ज्या खोलीत पडायची, त्या खोलीवरच सगळ्यांत मोठे दगड होते, कारण वारा त्या बाजूनं येतो.

त्याच सुमाराला शाळेत जमिनीचे धक्के मोजायचं यंत्र बसवायला एका संस्थेच्या मॅडम आल्या. राजनंदिनी त्यांचं नाव. त्यांनी गावाला शाळेच्या पटांगणात बोलावलं. बन्सी पहिल्या रांगेत. मॅडमनं बोलायला तोंड उघडलं न उघडलं तोच हा उभा.

"मॅडम, एक इचारू का? ह्ये बारके बारके धक्के बसत्यात, त्यानं आतला ताण सुटतो का न्हाई?"

"सुटतो ना, थोडा सुटतो," मॅडम म्हणाल्या. "पण..."

तेवढ्यात बन्सीचा मोबाईल वाजला. कुणाची तरी म्हैस फुगली होती. त्यानं सभेकडं वळून हात वर केला, "ऐकलं का समद्यांनी?" असं म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागं बरेचसे पुरुषही उठले, कारण त्यांना पाहिजे ते मिळालं होतं. मागं उरल्या बायका, शाळेची पोरं, आणि त्या 'पण'च्या पुढचं सगळं.

मॅडम बिचाऱ्या शांत स्वभावाच्या. त्यांनी एक भरलेली कांद्याची गोणी मागवली, तिला मोटारसायकलच्या ट्यूबची लांब पट्टी बांधली आणि पट्टीचं टोक कडूबाईच्या हातात दिलं. "ओढा हळूहळू."

कडूबाईनं ओढलं. पट्टी ताणत गेली, गोणी जागची हलेना.

"खाली खडकात जुनी भेग असते," मॅडम सांगू लागल्या. "तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या. आजूबाजूचा खडक रेटत राहतो, भेग सरकत नाही, आणि या रबरात भरतोय तसा ताण तिथं भरत जातो. ओढा अजून."

गोणी खर्रकन बोटभर सरकली.

"हा बारका धक्का. आता रबर दाबून बघा. सैल झालं?"

कडूबाईनं दुसऱ्या हातानं पट्टी चाचपली. "न्हाई की. तसंच ताठ हाय."

"बोटभर सरकली, बोटभर ढिलं झालं. बाकीचा ताण जागच्या जागी. धक्क्याचा आकडा एकानं वाढला की आतून सुटणारा जोर तीसपट होतो, दोननं वाढला की हजारपट. तुम्हाला जाणवतात ते तीनच्या आसपासचे. पाचाचा एक धक्का जेवढं मोकळं करील, तेवढं करायला तीनाचे हजार लागतील. बारके धक्के आपल्याला मोठ्यातून सोडवत नाहीत. इथं भेग आहे आणि ती ताणलेली आहे, एवढंच ते सांगतात."

"मंग मोठा येनार म्हना की."

"ते मला सांगता येत नाही, मावशी. कुणालाच येत नाही. पुष्कळ ठिकाणी असे धक्के येतात आणि आपोआप थांबतात. पण किल्लारीलाही आदल्या वर्षी बारके धक्के बसले होते. भिऊ नका, पण भरवशावर राहू नका. डोक्यावर जड काही ठेवू नका." मग त्यांची नजर वस्तीकडं गेली. "हे दगड कशासाठी ठेवलेत सगळ्यांनी?"

"वाऱ्यासाठी!" पोरं एका सुरात ओरडली.

"मग पत्रा खालच्या पाइपाला हुकांनी आवळून घ्या. वाऱ्यालाही चालेल आणि धक्क्यालाही."

कडूबाई ते सगळं मनात घट्ट धरून घरी आली. पण तिच्या आधी अर्धं वाक्य गावभर फिरून आलं होतं. "मॅडमनंच मान्य केलं," बन्सी सांगत होता, "ताण सुटतो. मी काय येगळं म्हनत हुतो?"

"त्या म्होरं काय बोलल्या ते ऐकलं का तुमी?"

"म्होरं काय आसनार? शिकल्याली मानसं एकच गोष्ट धा वेळा सांगत्यात."

"दगड काढा म्हनल्या."

"आन् वारा? वाऱ्याला काय सांगू, मॅडमला इचारून ये?"

हे रोजचं झालं. सकाळी चहाला दगड, दुपारी जेवताना दगड. मोठी जाऊ कलाबाई शेजारच्याच घरात राहायची, ती कुंपणावरून मजा बघायची. "कडूबाई, दगडांना साड्या नेसव आता. तेवढंच राह्यलंय."

सुप्याला कारखान्यात असलेल्या सचिनला, पोराला, तिनं फोन लावला. तर तो म्हणतो, "आई, तात्या म्हनत हुते मॅडमसुदीक म्हनल्या की..."

"मॅडमच्या म्होरं कोन बसलं हुतं? मी का तुझा तात्या?"

"तसं न्हाई गं..."

"तसंच हाय. मला पत्र्याचे हुक पाठीव. नट, वायसर समदं. आन् तात्याला सांगू नगं."

मग कर्जतहून विहीणबाईंचा फोन. लेकीला कधी नेताय? कडूबाईनं दातओठ खाऊन सांगितलं, "हातरुनापांघरुनाची सोय व्हतीय जरा. कळवते." फोन ठेवला आणि बन्सी उसळला. "अगं, काय इज्जत घालवती का? लोक म्हनतील पोरगी जड झाली ह्यांना!"

"जड काय झालंय ते वर बघा."

"मी जित्ता हाय तवर त्या दगडांना कुनी हात लावनार न्हाई."

"आन् दगड पडल्याव?"

बन्सी चप्पल घालून डेअरीकडं गेला. त्याचं असंच असायचं. प्रश्न अवघड आला की त्याला कुठंतरी जायचं असायचं.

त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या गोरक्षनाथाचा सांगावा आला. गाय फुगली होती. घरात तेलाची बाटली कडूबाईच्याच हाताला लागली, म्हणून तीही मागोमाग गेली. गाय उभी होती, पण पाय फाकलेले, जीभ बाहेर, डोळे पांढरे. बन्सीनं कुशीवर बोट वाजवलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"कवापास्नं हाय ह्ये?"

"सकाळपास्नं," गोरक्षनाथ खाली बघत म्हणाला. "पन तात्या, मधी ढेकर दिलं हुतं तिनं. म्हनलं सुटतंय हळूहळू, हलकी व्हईल."

"ढेकर दिलं!" बन्सी असा ओरडला की गोठ्यातली कोंबडी उडाली. "आरं येड्या, ढेकर आलं म्हंजी पोट रिकामं झालं का? ढेकर म्हंजी आत भरलंय याचा सांगावा! तवाच पळत यायचं, का बसून मोजायचं?"

कडूबाईनं बाटलीचं बूच काढता काढता नवऱ्याकडं बघितलं. गायीचा जीव टांगणीला लागला असताना बोलण्याइतकी ती निर्दय नव्हती. तेल पाजलं, गुण आला नाही. बन्सीनं सुई घातली, फेसासकट हवा बाहेर पडली, आणि बऱ्याच वेळानं गाईनं कान हलवला. गोरक्षनाथाच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला.

परतीच्या वाटेवर दोघं पुढंमागं चालत होते. बांधावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं, उन्हं कलली होती. ओढा ओलांडल्यावर कडूबाई म्हणाली, "मंग धरनीचं ढेकर काय असतंय?"

बन्सी चालतच राहिला. बरंच पुढं गेल्यावर म्हणाला, "जनावर येगळं. जमीन येगळी."

"आजपातुर एकच हुती की वो."

आडरानात निघून जायलाही दुसरीकडं कुठं नव्हतं. घर येईपर्यंत तो नुसता खाकरत राहिला. दगड मात्र पत्र्यावर तसेच राहिले. माणसाला चूक कळली तरी ती मान्य करायला आणखी एक जन्म लागतो, तसला प्रकार.

कडूबाईनं त्या जन्माची वाट बघितली नाही. सचिननं पाठवलेली हुकांची पिशवी दुधाच्या टेम्पोतून आली, त्याच सकाळी तिनं शिडी लावली, पदर खोचला आणि वर चढली.

"अगं ये! खाली उतर! हाड मोडून घेशील!"

"धरा मंग शिडी."

बन्सीनं शिडी धरली. धरली नसती तर ती पडली असती, आणि धरली म्हणजे दगड पडणार होते. शिव्या देत त्यानं शिडी धरली. पहिला दगड उकिरड्यात धपकन पडला. एका दगडाखाली विंचू निघाला, एकाखाली सचिनच्या लहानपणची रबरी चप्पल. सगळ्यांत मोठा दगड तिला एकटीला उचलेना, तेव्हा तिनं तो पायानं ढकलला. पत्रा असा काही किंचाळला की कलाबाई धावत बाहेर आली.

"काय गं, भूकंप का काय?"

"ह्यो घरातला हाय!" बन्सी खालून म्हणाला.

भोकं पाडायला खालच्या वस्तीवरच्या एका पोराकडून ड्रिल मशीन आणलं होतं. तार जोडली आणि वीज गेली. उघडा पत्रा वर, हुकांची पिशवी खाली, आणि वीज गेलेली. कडूबाईनं महावितरणाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपार झाली तशी वाऱ्यानंही डोकं वर काढलं. पत्र्याची कड उचलू लागली, आपटू लागली. आता बन्सीला वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हातोडा आणि जाड खिळा घेऊन तो चढला, उचलणाऱ्या पत्र्यावर फतकल मारून बसला आणि तिथून ओरडला, "बघ! दगड काढलं, आता मीच दगड झालो!"

"बसा तसंच. पयल्यांदा कामाला आलात."

मग सुरू झालं ते काम बघण्यासारखं होतं. हुक खालून पाइपाला अडकवायचा, त्याचं टोक भोकातून वर काढायचं, आणि वरच्यानं त्याला नट आवळायचा. म्हणजे कडूबाई घरात स्टुलावर उभी, बन्सी पत्र्यावर, आणि नवराबायकोच्या मधे तो तापलेला पत्रा. तोंडं दिसत नव्हती, आवाज मात्र साऱ्या वस्तीला ऐकू येत होता.

"आलं का टोक?"

"कुटं आलं? भोक इकडं हाय, तू तिकडं खुपसती!"

"मंग भोक सरळ पाडा की!"

"हालवू नगं! आगं हालवू नगं, बोट हाय माझं!"

"धरनी हालवती ती चालती तुमाला. मी हालवलं की लागतंय."

मग वरून आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. "म्होरचा हुक दे."

माधुरीच्या खोलीवरचा पत्रा त्यानं सगळ्यांत आधी आवळला. नट फिरवून झाला की प्रत्येक हुकाला हातानं हिसका द्यायचा. संध्याकाळी खाली उतरला तेव्हा तळहात सोललेले होते. कडूबाईनं हळद-तेल लावलं. बोलायचं ते पत्र्यातून बोलून झालं होतं.

चार दिवसांनी माधुरी आली. पोट पुढं घेऊन, हातात विहीणबाईंनी दिलेल्या लाडवांचा डबा घेऊन. आल्या आल्या खाटेवर टेकली. कडूबाई चहा टाकत होती, बन्सी उंबऱ्यावर बसून लेकीला पठारावरच्या बातम्या सांगत होता. आणि खालून गडगडलं.

फळीवरचा तांब्या सरकला. विटांच्या सांध्यांतून बारीक माती झरली. पत्रा थरथरला आणि सगळ्या हुकांतून एक बारीक, लांब आवाज निघाला. माधुरीनं पोटावर हात ठेवून वर बघितलं. कडूबाई स्टोव्ह तसाच सोडून तिच्यापाशी आली होती. दोघींच्या डोक्यावर पत्रा होता आणि त्याच्यावर आभाळ.

थांबलं. बन्सीनं उंबऱ्यावरून मान वळवली.

"भ्यायचं न्हाई, माधुरी," तो म्हणाला. "ताण सुटतोय. मॅडमच म्हनल्या हुत्या."

कडूबाईनं कपाळावर हात मारला. आता या माणसाला काय सांगायचं? ती तरातरा अंगणात आली. दगड काढलेलं एकच घर होतं वस्तीत. बाकी सगळ्या पत्र्यांवर ते ओळीनं बसलेले, गोल, नीटनेटके, आणि त्यांच्या खाली माणसं चहा पीत असलेली. कुंपणापलीकडं कलाबाई नातवाला कडेवर घेऊन उभी होती, हसत.

"काय गं, सुटली का हवा?"

"तोंड मीट," कडूबाई म्हणाली आणि शिडी खांद्यावर घेऊन कलाबाईच्या घराकडं वळली. "पोराला माधुरीकडं दे, आन् खालनं शिडी धर."